दाखला नेणाऱ्या मुलींची नोंदही अहवालात हवी

मुस्लिम वस्तीतल्या हायस्कूलच्या स्नेहसंमेलनात सगळ्यात कमी ऐकलं जातं ते मुख्याध्यापकांचं अहवालवाचन. मुलं नाटिकेची वाट बघत चुळबुळत असतात, पाहुणे घड्याळ बघतात आणि माइकवरून यादी वाचली जाते: दहावीचा निकाल, पहिले तिघे, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत आलेली ए श्रेणी, तालुक्यात जिंकलेला कबड्डीचा चषक, विज्ञान प्रदर्शन, स्वच्छता अभियान. टाळ्या पडतात आणि पुढचा कार्यक्रम सुरू होतो. असे अहवाल मी बरेच ऐकले आहेत, काही मागून घेऊन वाचलेही आहेत. त्यात जे असतं ते खरंच असतं. माझी तक्रार त्यात जे नसतं त्याबद्दल आहे.

२०२५ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. मुलींचा ९६.१४, मुलांचा ९२.३१. म्हणजे परीक्षेला बसलेलं मूल पास होणं ही आता मोठी बातमी राहिलेली नाही. ‘आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के’ हे वाक्य ऐकायला भारदस्त वाटतं, पण ते फक्त परीक्षेला बसलेल्यांबद्दल बोलतं. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या त्याच बाकांवर जी मुलं बसली होती, त्यातली किती परीक्षेपर्यंत पोहोचली, हे ते सांगत नाही.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात ६ ते १४ वयोगटातल्या मुस्लिम मुलांचं चित्र आलं होतं: चारात एक मूल शाळेत कधी गेलेलंच नव्हतं किंवा शाळा सोडून गेलं होतं. नंतर २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. पण तो मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची हमी देतो ती १४ वर्षांपर्यंतच, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. त्यानंतर मूल शाळेत राहणं घरच्यांच्या इच्छेवर आणि खिशावर सोडलेलं आहे. आपल्या मोहल्ल्यात पुढे काय होतं, ते तुम्हालाही माहीत आहे. मुलगा गॅरेजमध्ये किंवा दुकानात लागतो. मुलीसाठी कारणं तयार असतात: हायस्कूल लांब आहे, अम्मीला बरं नसतं, चांगलं स्थळ आलंय.

माझ्या ओळखीच्या एका मुलीने जिंकलेला धावण्याचा चषक आजही तिच्या शाळेच्या कपाटात आहे. ती पहिली आल्याचं त्या वर्षीच्या अहवालात होतं. पुढच्या वर्षी तिने दाखला नेला. ते कुठल्याच अहवालात आलं नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की आपल्या हायस्कुलांनी वर्षाअखेरच्या अहवालात आणखी चार गोष्टी वाचाव्यात.

पहिली, आठवीतली किती मुलं दहावीपर्यंत टिकली, मुलगे आणि मुली वेगवेगळे मोजून.

दुसरी, आठवीतली किती मुलं एनएमएमएस परीक्षेला बसली. सरकारी, जिल्हा परिषद-नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या गरीब मुलांसाठी ही परीक्षा आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार, म्हणजे चार वर्षांत ४८ हजार रुपये मिळतात. गळती जिथे सुरू होते, तिथेच ही मदत सुरू होते. २०२२ मध्ये केंद्र सरकारने अल्पसंख्याकांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद केली, तेव्हापासून तर तिचं मोल आणखी वाढलं आहे.

तिसरी, गेल्या वर्षी दहावी झालेली मुलं आज कुठे आहेत. अकरावी, आयटीआय, पॉलिटेक्निक, काम की घर?

चौथी, मैदानावर आणि मंचावर किती वेगवेगळी मुलं आली. बऱ्याच शाळांत वक्तृत्वाला, प्रदर्शनाला आणि सूत्रसंचालनाला तीच पाच-सहा मुलं पुढे असतात. अहवालात उपक्रम दहा दिसतात, नावं मात्र तीच.

कुणी म्हणेल, यात शाळेची बदनामी होईल. मला तसं वाटत नाही. यातली गळतीची माहिती नव्याने गोळा करायची नाही. जनरल रजिस्टरमध्ये आणि दाखल्यांच्या पुस्तकात ती आधीच आहे, फक्त मोठ्याने वाचली जात नाही. आणि मूल शाळा सोडतं तेव्हा दोष एकट्या शाळेचा नसतो. आकडा ऐकल्यावर पालकांनाही मान खाली घालावी लागेल, जमातीच्या पुढाऱ्यांनाही. म्हणून तर तो सगळ्यांसमोर वाचायला हवा.

गुणवंतांचं कौतुक होऊ नये, असं मी म्हणत नाही. एका खोलीत सहा माणसं राहतात त्या घरातली मुलगी ९० टक्के मिळवते, तेव्हा तिच्यासाठी टाळ्या वाजवायलाच हव्यात. पण दरवर्षी जूनमध्ये मोहल्ल्यातल्या संघटना जे गुणगौरव समारंभ करतात, त्यात ८० किंवा ८५ टक्क्यांची अट असते. मग काम करून, भावंडं सांभाळून ५२ टक्के मिळवणारा मुलगा मांडवाबाहेरच राहतो. खरं तर पुढच्या प्रवेशासाठी सोबत त्यालाच जास्त लागते. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे. कॉलेजांचे पसंतीक्रम भरणं, कागद अपलोड करणं, फेऱ्यांच्या तारखा सांभाळणं, हे घरात पहिल्यांदाच दहावी झालेल्या मुलाला एकट्याने जमणं कठीण आहे. स्मृतिचिन्हं आणि फ्लेक्सवरचा थोडा खर्च कमी करून पंधरा दिवस एक टेबल, एक लॅपटॉप आणि फॉर्म भरून देणारी दोन पोरं बसवली, तर तोही गुणगौरवच होईल.

हे काम मुख्यतः तुमचं आहे. तुम्ही त्या शाळांचे माजी विद्यार्थी आहात, तुमच्या बहिणी आजही तिथे शिकतात. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीला अम्मी-अब्बांसोबत जा आणि पहिला प्रश्न विचारा: आठवीत किती होत्या, दहावीत किती आहेत? उत्तर लगेच मिळालं नाही, तर पुढच्या बैठकीत पुन्हा विचारा. आणि ज्या मुलींची नावं यादीतून गळली असतील, त्यांच्या घरी जूनच्या आत जाऊन या.