साथीचे निमित्त, कर्जाचे कारण

कळंबोलीच्या लोखंड बाजारापासून थोड्याच अंतरावर, पनवेल गावात, बेने इस्रायली समाजाचे बेथ एल सिनेगॉग आहे, 1849 सालचे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात हे लोक ‘शनवार तेली’ या नावाने ओळखले गेले. धर्मापायी शेजाऱ्यांनी त्यांना छळले नाही, याचा महाराष्ट्रात अभिमानाने उल्लेख होतो. तो रास्तच आहे. परंतु ही केवळ सहिष्णुतेची पुण्याई मानणे भाबडेपणाचे ठरेल. तेल्याच्या घरी गावाच्या कर्जाची वही नव्हती.

युरोपात ती होती. जमीन आणि कारागीरसंघ यांची दारे ज्यूंना बंद करून त्यांच्यापैकी अनेकांना सावकारीकडे ढकलण्यात आले, आणि त्या व्याजातून राजे जबर कर उकळत राहिले. 1348 मध्ये प्लेगने थैमान घातले, तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची अफवा उठली; यातना देऊन कबुलीजबाबही मिळवण्यात आले. ज्यूदेखील याच रोगाने मरत आहेत, हे पोप सहावे क्लेमेंट यांनी त्याच वर्षी जाहीर केले. ऐकतो कोण? स्ट्रासबर्गमध्ये ज्यूंना संरक्षण देणारे नगरमंडळ कारागीरसंघांनी, काही उमरावांच्या साथीने, उलथून टाकले आणि 14 फेब्रुवारी 1349 रोजी शेकडो ज्यूंना जाळण्यात आले. साथ त्या शहरात अजून पोचलीही नव्हती! ज्यूंची येणी बुडाली, गहाण वस्तू ऋणकोंकडे परत गेल्या, रोकड वाटून घेण्यात आली. न्युरेंबर्गची कथा याहून निर्लज्ज. तेथील ज्यूंची हत्या होईल तेव्हा त्यांची उत्तम घरे देऊ, असे वचन राजा चौथ्या चार्ल्सने एका सरदाराला जून 1349 मध्येच देऊन ठेवले. कत्तल झाली 5 डिसेंबरला.

स्ट्रासबर्गच्या उठावात श्रमिक होते म्हणून त्याकडे सौम्यपणे पाहण्याचे कारण नाही. ऋणकोचा संताप खरा होता. पण तो राजाच्या तिजोरीपर्यंत पोचला नाही. याच्या शेजारी पुणे जिल्ह्यातील सुपे ठेवून पाहावे. 12 मे 1875 रोजी तेथील शेतकरी सावकारांवर चालून गेले. सावकार गुजराती-मारवाडी, म्हणजे परकेच मानले जाणारे. शेतकऱ्यांनी जाळले ते मुख्यतः कर्जरोखे; माणसांवर हात क्वचितच पडला. 1879 चा दख्खन शेतकरी कायदा त्या उठावाच्या पाठोपाठ आला.

हा विवेक 2020 मध्ये कुठे गेला? करोनाच्या आरंभी तबलिगी जमातीच्या निमित्ताने साऱ्या मुसलमानांवर रोग पसरवल्याचा आळ आला. भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेतली जाऊ लागली. यात कोणाचे कर्ज बुडायचे नव्हते. पण राज्यकर्त्यांची बेफिकिरी झाकायची होती. त्याच दिवसांत पनवेल-कळंबोलीच्या महामार्गांवरून परप्रांतीय मजूर, रोजगार बुडालेले, पायी गावाकडे निघाले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 21 ऑगस्ट 2020 रोजी परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचे नमूद केले. आळ घेणाऱ्या वाहिन्यांवर या निकालाला त्या आरोळ्यांच्या शतांशानेही जागा मिळाली नाही.