कलादालनाची पायरी



काही दिवसांपूर्वी घाटाखालच्या एका गावचे गृहस्थ प्रतिज्ञापत्राच्या कामासाठी आमच्या कचेरीत आले. काम आटोपले तरी ते उठेनात. अखेर म्हणाले, "वकीलसाहेब, पोरीले चित्रकलेच्या कॉलेजात जायचं आहे. तुमीच तिले समजवा. आपल्या लोकायचं चित्रं काढून पोट भरते काय?" मुलगी शेजारीच बसली होती. तिने काही न बोलता आपली वही पुढे ठेवली. वहीत तिच्या आजीच्या हातांची चित्रे होती. हातात खुरपे, बोटांना भेगा. आम्ही मुलीस समजाविणार होतो. परंतु ती वही पाहिल्यावर वडिलांस काय सांगावे, हाच प्रश्न पडला.

येथे एक कबुली दिली पाहिजे. मुंबईत कायद्याचे शिक्षण घेत असताना काळा घोड्याजवळील जहांगीर कलादालनावरून आम्ही कित्येक वेळा गेलो. १९५२ साली सुरू झालेले हे कलादालन सर्वांस विनामूल्य खुले आहे. तरीही त्याची पायरी आम्ही त्या काळात एकदाही चढलो नाही. कोणी अडविले नव्हते. हे आपले स्थान नव्हे, अशी समजूत आमची आम्हीच करून घेतली होती. गंमत अशी की, त्याच दिवसांत आम्ही राज्यघटनेचा १५ वा अनुच्छेद पाठ करीत होतो! दुकाने, उपाहारगृहे व सार्वजनिक करमणुकीची स्थाने येथे जातीच्या कारणावरून कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे तो अनुच्छेद सांगतो. कायद्याने दार उघडले होते. पाऊल मात्र मनाने रोखले होते. कायदा मज्जाव दूर करू शकतो. आत जाण्याची सवय ज्याची त्यालाच लावून घ्यावी लागते.

चित्राचे सामर्थ्य आपणांस कोणी शिकवावयास नको. धम्मदीक्षा घेतलेल्या घरात पहिला बदल कोठे दिसतो? भिंतीवर. जुन्या तसबिरी उतरतात आणि भगवान बुद्ध व बाबासाहेब यांच्या तसबिरी लागतात. शेजारी आपली भिंत पाहूनच ओळखतो की, या घरात काही पालटले आहे. ज्या समाजाने आपले स्थित्यंतर प्रथम चित्राने जाहीर केले, त्यानेच चित्रकलेस रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणावे काय?

आणि आपण राहतो तरी कोठे? जो अजिंठ्याचा डोंगर आपल्या जिल्ह्याचे घाटावरचे व घाटाखालचे असे दोन भाग पाडतो, त्याच डोंगररांगेत शेजारच्या जिल्ह्यात ती लेणी आहेत. तेथील १६ क्रमांकाच्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा दानलेख आहे. दात्याचे नाव दीड हजार वर्षे टिकले. परंतु ज्यांनी दिव्याच्या उजेडात त्या भिंती रंगविल्या, त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. पुढे १९०९ च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत काही तरुण चित्रकार या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी अजिंठ्यास आले. त्यांत नंदलाल बोस होते. त्याच नंदलाल बोस यांनी व त्यांच्या शांतिनिकेतनातील सहकाऱ्यांनी भारतीय राज्यघटनेची मूळ हस्तलिखित प्रत चित्रांनी सजविली. त्या प्रतीच्या पाचव्या भागाच्या आरंभी भगवान बुद्धांच्या जीवनातील प्रसंग रेखाटलेला आहे. म्हणजे बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या घटनेच्या पानापर्यंत अजिंठ्याचा एक धागा पोहोचला आहे. चित्रकला आपली नव्हे, असे म्हणण्यापूर्वी एवढे तरी लक्षात घ्यावे.

आता आजच्या प्रदर्शनांकडे वळू. नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यात मडके व पाठीशी झाडू बांधलेला पेशवाईतील अस्पृश्य आपल्या चित्रांतून कलाजगतासमोर उभा केला. २०२२ साली जर्मनीतील बर्लिन द्वैवार्षिक प्रदर्शनात कोल्हापूरकडील प्रभाकर कांबळे यांची 'उतरंड' मांडली गेली. उतरंड म्हणजे काय, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायांस विचारा. मडक्यावर मडके, वरचे लहान, खालचे मोठे, आणि सगळा भार तळाच्या मडक्यावर. जातिव्यवस्थेचे याहून सोपे स्पष्टीकरण कोणत्या ग्रंथात सापडेल? त्याच वर्षी कासेल येथील 'डॉक्युमेंटा' या जगप्रसिद्ध प्रदर्शनात मुंबईचे अमोल पाटील यांनी चाळीतील कष्टकऱ्यांचे व सफाई कामगारांचे जीवन मांडले. पुण्याच्या राज्यश्री गुडी दलित आत्मकथनांतील अन्नाच्या वर्णनांवरून पाककृती लिहितात. त्यांच्या एका कलाकृतीचे नावच पाणी चवदार आहे काय, असे विचारते. १९२७ साली महाडच्या तळ्यावर काय घडले, हे ज्यास ठाऊक आहे, त्यास त्या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागत नाही.

ज्या मडक्याने आपल्या पूर्वजांचा अपमान केला, तेच मडके आज परदेशातील दालनात साक्षीदार म्हणून उभे आहे. न्यायालयात साक्षीदारास महत्त्व असते. समाजाच्या न्यायालयातही असते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, आपले दुःख श्रीमंतांच्या दिवाणखान्यात विकले जाते. त्याचा आपणांस उपयोग काय? आक्षेप अगदीच खोटा नाही. चित्र एकाने विकत घेतले की, ते इतरांच्या दृष्टीआड होऊ शकते. परंतु यावर उपाय म्हणजे चित्रे काढणे थांबविणे नव्हे. प्रेक्षक म्हणून आपण दालनात गेलो नाही, तर आपले चित्र आपल्यावाचून पाहिले जाईल आणि त्याचा अर्थही दुसरेच लावतील. दुसरा आक्षेप पोटाचा. तोही खोटा नाही. चित्रकाराची मिळकत बेभरवशाची असते, हे मुलीपासून लपवू नये. पण वकिलीची पहिली वर्षे तरी कोठे भरवशाची होती? शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आहेत, पुढे कलाशिक्षणाचा, छपाई व सजावटीचा व्यवसाय आहे. मार्ग कठीण आहे, बंद नाही.

तेव्हा आमच्या तीन सूचना आहेत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्या कुटुंबांनी मुंबईत आणखी एक दिवस काढावा आणि मुलांचा हात धरून एखाद्या कलादालनाची पायरी चढावी. आत गेल्यावर सर्व समजलेच पाहिजे असे नाही. समजले नाही तर तेथे विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. दुसरे, आपल्या जिल्ह्यातील विहारांनी बुद्धजयंतीच्या आठवड्यात मुलामुलींच्या चित्रांचे प्रदर्शन भरवावे. त्यास मोठा खर्च नाही; स्वच्छ भिंत, दोरी व चिमटे पुरेत. प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचे नाव व गाव मात्र अवश्य लिहावे. तिसरे, तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात सर्वांस खुले असे सार्वजनिक कलादालन असावे, अशी मागणी लोकप्रतिनिधींकडे लेखी करावी. रस्ता व पाणी मागतो, त्याच हक्काने हेही मागावे. मनुष्य केवळ पोटावर जगत नाही.

त्या गृहस्थांस आम्ही इतकेच म्हणालो की, निर्णय तुम्ही दोघांनी मिळून घ्यावा. पण मुलीस एकदा प्रदर्शन दाखवून आणल्याखेरीज नकार देऊ नये. ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "हे मायच्या हातासारखेच काढले." जाताना आम्ही मुलीस विचारले, चित्राखाली नाव का नाही? ती म्हणाली, अजून शिकतेच आहे. आम्ही तिला लेखणी दिली. अजिंठ्याच्या चित्रकारांची नावे हरवली; आपल्या मुलांची हरवू नयेत, ही जबाबदारी आता आपली आहे.