सत्काराच्या हारांनंतर काय?

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर उजाडला की आपल्या वस्त्यांमधून सत्काराच्या बातम्या येऊ लागतात. शेतमजुराचा मुलगा लंडनला चालला, रिक्षाचालकाची मुलगी एडिंबराला चालली. विहारात सभा होते, शाल आणि पुष्पगुच्छ दिले जातात, बाबासाहेबांच्या प्रतिमेसोबत फोटो निघतो. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु विमान उडाल्यानंतर त्या मुलाचे, त्या मुलीचे काय होते याची चौकशी शासन करीत नाही आणि खरे सांगायचे तर समाजही करीत नाही.

परदेशात जुळवून घेणे म्हटले की थंडी, बेचव जेवण आणि इंग्रजांचे न समजणारे उच्चार एवढेच डोळ्यांसमोर येते. या गोष्टी दोन महिन्यांत अंगवळणी पडतात. पहिल्या पिढीच्या दलित विद्यार्थ्याला खरे झगडावे लागते ते तीन आघाड्यांवर. पैसा, वर्ग आणि जात. आणि या तिन्ही आघाड्यांवरील त्याची अडचण हा त्याचा व्यक्तिगत कमकुवतपणा नसून ती व्यवस्थेने तयार केलेली आहे, हे आधी लक्षात घेतले पाहिजे.

प्रथम पैशाचे पाहू. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ मध्ये सुरू झाली. योजना चांगल्या आहेत, त्यांनी अनेक घरांचा इतिहास बदलला आहे. पण पैसा केव्हा मिळतो आणि किती मिळतो, हा खरा प्रश्न आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या योजनेत १०६ विद्यार्थ्यांची निवड झाली आणि पत्रे मात्र आधी फक्त ४० जणांच्या हाती पडली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास विचार होईल असे सांगण्यात आले. ज्या वेळी विद्यापीठात जागा पक्की करण्यासाठी अनामत भरायची असते, व्हिसाचा अर्ज करायचा असतो, नेमक्या त्याच वेळी ही टांगती तलवार! ज्याचे वडील बँकेत जाऊन घर तारण ठेवू शकतात त्याला थांबणे परवडते. ज्याच्या घराला सातबाराच नाही, त्याने काय तारण ठेवायचे?

आता रकमेचा हिशेब करू. केंद्राच्या योजनेत ब्रिटनमधील राहण्या-खाण्याचा भत्ता अनेक वर्षे वर्षाला ९,९०० पौंडांवरच अडकलेला होता. आकस्मिक खर्चाचे १,१०० पौंड धरले तरी बेरीज ११,००० होते. आणि ब्रिटिश सरकार स्वतः काय म्हणते? जानेवारी २०२५ पासून लंडनमध्ये शिकायला येणाऱ्याकडे राहण्याच्या खर्चासाठी दरमहा १,४८३ पौंड असले पाहिजेत, असा त्यांचा व्हिसाचा नियम झाला. नऊ महिन्यांचे १३,३४७ पौंड होतात. नंतर हा आकडा आणखी वाढला. म्हणजे यजमान देश नऊ महिन्यांना जे किमान मानतो, तेवढेही या जुन्या दराने बारा महिन्यांना मिळत नव्हते. ही तूट कोण भरून काढणार? विद्यार्थीच. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करण्याची मुभा असते. मग उपाहारगृहात भांडी घासायची, गोदामात रात्रपाळी करायची आणि सकाळी चर्चासत्रात जाऊन बसायचे. शेजारचा विद्यार्थी त्या वेळेत ग्रंथालयात असतो. वर्षअखेरीस दोघांचे गुण एकाच तराजूत तोलले जातात आणि त्याला गुणवत्ता म्हणतात!

घर भाड्याने घेतानाही हेच घडते. अनेक घरमालक ब्रिटनमध्ये राहणारा जामीनदार मागतात. ज्यांचे काका-मामा दोन पिढ्यांपूर्वी तिकडे गेले, त्यांना हा कागद एका फोनवर मिळतो. ज्याच्या घराण्यात पासपोर्ट काढणारा तो पहिलाच, त्याने जामीनदार कोठून आणायचा?

बाबासाहेबांचे उदाहरण आपण नेहमी जिद्दीसाठी देतो. ते पैशाच्या अंगानेही वाचले पाहिजे. १९१३ मध्ये ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये लंडनला पोहोचले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. विद्वत्ता कमी पडली म्हणून नव्हे, मुदत संपली म्हणून! सिडनहॅम महाविद्यालयातील नोकरीतून साठवलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. जे स्वतः भोगले त्यातून त्यांनी धोरण मागितले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारने स्वतंत्र तरतूद करावी, अशी मागणी त्यांनी केली. शिष्यवृत्ती ही कोणाची मेहेरबानी नाही, ती या मागणीची वारस आहे.

दुसरी आघाडी वर्गाची. ब्रिटनमधील पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा एकाच वर्षाचा असतो. रुळायला वेळच नसतो. तेथे प्राध्यापकाला नावाने हाक मारतात, त्याचे म्हणणे खोडून काढले तर तो खूश होतो. आपला विद्यार्थी ज्या शाळा-महाविद्यालयातून आला तेथे प्रश्न विचारणे हा उद्धटपणा ठरत होता. त्यातही राखीव जागेवरचा विद्यार्थी गप्प बसायला लवकर शिकतो, कारण तोंड उघडले की ‘कोट्यातला’ म्हणून हिणवले जाण्याची भीती असते. वर्षानुवर्षांचे हे मौन विमानात बसल्याने सुटत नाही. नोट्समधील उतारा जसाच्या तसा उतरवणे हे इकडे पाठांतर असते, तिकडे ती वाङ्मयचोरी ठरते आणि शिक्षा होते. हा नियम कोणीतरी जाण्यापूर्वी समजावून सांगितला असता तर एका संध्याकाळचे काम होते. लेखन शिकवणारे केंद्र, प्राध्यापकांना भेटण्याची राखीव वेळ, मानसिक आरोग्याचा सल्ला या सोयी विद्यापीठात असतात. परंतु मदत मागणे म्हणजे आपण कमी आहोत हे कबूल करणे, अशी भीती मनात घर करून बसलेली असते. ही भीती कोणी पेरली, हे वेगळे सांगायला नको.

आणि याच विद्यार्थ्याजवळ असे काही असते जे त्या वर्गात दुसऱ्या कोणाजवळ नसते. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तो आजही जगभर अभ्यासला जातो. जगलेले वास्तव ज्ञानात रूपांतरित होते ते असे. मग केंद्र सरकारने काय केले? २०२२ मध्ये राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत भारताची संस्कृती, इतिहास आणि सामाजिक अभ्यास हे विषयच वगळून टाकले. या नियमाने बाबासाहेबांचा तो निबंधसुद्धा अपात्र ठरला असता! शिकायला जा, पण आपल्या समाजाविषयी बोलू नका, असाच याचा अर्थ होतो.

तिसरी आघाडी जातीची, आणि येथे काळाने उलटा फेरा घेतला आहे. परदेशात राहिल्यावर आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, आणि बडोद्याला परतल्यावर राहायला जागा मिळेना तेव्हा ती पुन्हा जागी झाली, असे बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदवले आहे. त्या काळी समुद्र ओलांडणे म्हणजे जातीच्या बाहेर जाणे होते. आज समुद्र ओलांडला की त्या किनाऱ्यावर जात स्वागताला उभी असते. भाडे परवडावे म्हणून चार-पाच भारतीय मिळून घर घेतात. पहिला प्रश्न आडनावाचा. ते ऐकून समाधान झाले नाही तर गावाचा, मग वडिलांच्या धंद्याचा. स्वयंपाकघरात ‘फक्त शाकाहारी’ हा नियम कोणासाठी असतो हे सगळ्यांना कळते. शिष्यवृत्तीचे नाव सांगितले की हसण्याचा सूर बदलतो. गोऱ्या प्राध्यापकाला यातले काहीच दिसत नाही, कारण सगळ्यांचा रंग त्याला एकच दिसतो. मग तक्रार करायची कोणाकडे?

अमेरिकेत या प्रश्नाला वाचा फुटली. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये जातीय भेदभावाला आपल्या नियमांत बंदी घातली. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने २०२२ मध्ये, तर सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये तोच मार्ग धरला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने कायदा मंजूर केला, परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी त्यावर नकाराधिकार वापरला. ब्रिटनमध्ये संसदेने २०१३ मध्ये समता कायद्यात जातीचा समावेश करण्याचे बंधन सरकारवर घातले होते. २०१८ मध्ये सरकारने त्यातून अंग काढून घेतले आणि न्यायालयाच्या निकालांवर भिस्त ठेवली. निकाल होता तो बिहारमधील एका आदिवासी घरकामगार स्त्रीच्या खटल्यातला. लंडनमध्ये शिकणाऱ्या मुलाने अपमान झाला की न्यायालयात जायचे, असाच याचा अर्थ. ज्याच्याजवळ बसभाड्याचा हिशेब असतो, तो वकील कसा करणार?

म्हणूनच आपल्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. निवडीची पत्रे विद्यापीठांची अनामत भरण्याच्या मुदतीपूर्वी मिळाली पाहिजेत. भत्ता त्या देशाने स्वतः ठरवलेल्या किमान खर्चाशी जोडला पाहिजे. २०२२ ची विषयबंदी रद्द झाली पाहिजे. भारतीय वकिलातीत या विद्यार्थ्यांसाठी जबाबदार अधिकारी नेमला पाहिजे, आणि हप्ता थकला तर त्याला जाब विचारता आला पाहिजे.

परंतु सगळेच शासनावर ढकलून चालणार नाही. ब्रिटनच्या मिडलंड्स भागातील कारखान्यांत राबायला गेलेल्या पंजाबमधील दलित कामगारांनी आपल्या कमाईतून वुल्व्हरहॅम्प्टनसारख्या शहरात बुद्ध विहार उभे केले. लंडनमध्ये बाबासाहेब राहत होते ते किंग हेन्री रोडवरील घर विकायला निघाले तेव्हा तेथील आंबेडकरी संघटनांनीच ते लक्षात आणून दिले आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. ही माणसे तेथे आहेत. नवा विद्यार्थी मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण त्याला कोणी पत्ताच दिलेला नसतो.

शिकून परतलेल्यांनी दर उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी दोन दिवसांचे शिबिर घ्यावे. निबंध कसा लिहायचा, भाड्याचा करार कसा वाचायचा, डॉक्टरकडे नाव कसे नोंदवायचे, जातीवरून अपमान झाला तर लेखी तक्रार कशी करायची, हे शिकवावे. तेथे स्थिरावलेल्या आपल्या बांधवांनी जामीनदार म्हणून सही करावी. सत्काराच्या सभेत हाराबरोबर तेथील दोन माणसांचे फोन क्रमांक आणि पहिल्या महिन्याच्या भाड्याची वर्गणी त्याच्या हाती ठेवावी. हार वाळतो. अडचणीच्या रात्री फोन उचलणारा माणूस असला तर शिक्षण पुरे होते.