न वाचता दिलेली संमती

थंडरबर्डसारख्या प्रणालीत ईमेल उघडताना कधी एक चौकट समोर येते. सर्व्हरची ओळख पटत नाही, असे ती इंग्रजीत बजावते आणि खाली ‘सुरक्षा अपवादास पुष्टी’ अशा अर्थाचे बटण दाखवते. आपल्या पतसंस्था, वाचनालये आणि शिक्षणसंस्थांच्या कार्यालयांत संगणक दुरुस्त करणाऱ्यांचा त्यावर ठरलेला तोडगा असतो : ‘‘दाबा आणि पुढे चला.’’ याला दुरुस्ती म्हणणे मला मान्य नाही. ही अनोळखी इसमाला दिलेली कोऱ्या कागदावरची सही आहे, आणि ती द्यायला सांगणाऱ्याला जाब विचारायला हवा.

‘अपवाद’ हा शब्दच पाहा. कायद्यात अपवादाचा आधार घेणाऱ्याला तो सिद्ध करावा लागतो. इथे मात्र काहीही सिद्ध न करता अपवाद मिळतो, आणि तो कायमचा साठवण्याची सोयही त्याच चौकटीत असते. एकदा साठवला की त्या प्रमाणपत्राबद्दल पुन्हा विचारणा होत नाही. पलीकडे खरा सर्व्हर नसून मध्येच कोणी तोतया बसला असेल, तर आपला पासवर्ड आपणच त्याच्या हाती ठेवतो. आणि त्या पेटीत सभासदांचे आधार क्रमांक, खातेउतारे, दाव्याची कागदपत्रे असतात.

वास्तविक हे प्रमाणपत्र तपासणे कुलमुखत्यारपत्र तपासण्याहून अवघड नाही. ते कोणाच्या नावे आहे, कोणी साक्षांकित केले आहे, मुदत केव्हा संपते? चौकटीतील ‘पाहा’ या अर्थाच्या बटणामागे ही तिन्ही उत्तरे असतात.

नाव जुळत नसेल, तर बहुधा संस्थेने स्वतःच्या नावाचा पत्ता घेतलेला असतो आणि प्रमाणपत्र मात्र जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरच्या नावे असते. अशा वेळी कंपनीकडून सर्व्हरचे अचूक नाव मागून घ्यावे व खात्याच्या सेटिंगमध्ये तेच घालावे, किंवा आपल्या नावाचे प्रमाणपत्र बसवून मागावे. मुदत संपली असेल, तर नूतनीकरण हे सर्व्हर चालवणाऱ्याचे काम आहे. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था नव्वद दिवसांची प्रमाणपत्रे फुकट देते आणि नूतनीकरण आपोआप होण्याची व्यवस्था करता येते. तेव्हा वार्षिक शुल्क घेणाऱ्याने खर्चाची सबब सांगू नये. मुदतीचीच तक्रार सगळीकडे दिसू लागली, तर आधी संगणकाचे घड्याळ पाहावे. आतली छोटी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ असे ठरते. साक्षांकनकर्त्याच्या जागी आपल्याच अँटिव्हायरसचे नाव दिसले, तर तो मध्ये बसून टपाल उघडून तपासतो आहे. त्याची ईमेल-तपासणी बंद करावी. यांपैकी काहीच नसेल आणि आपण स्थानकावरच्या किंवा लॉजच्या वायफायवर असू, तर ते जोडणे तत्काळ तोडावे.

सरकारी शिक्काही येथे अंतिम नाही. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे आढळली. ती आपल्याच राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राकडून निघालेली होती आणि नंतर रद्द करावी लागली. मग तपासणीचा उपयोग काय, असा प्रश्न येतो. बनावट मुद्रांकांच्या प्रकरणात शिक्षा झालेला तेलगी आपल्या खानापूरचाच. ते प्रकरण उघड झाल्यावर लोकांनी मुद्रांक पाहणे सोडले नाही, उलट कसून पाहू लागले.

‘‘ईमेल अडली तर काम अडते,’’ हा युक्तिवाद मला रोज ऐकू येतो. तातडीचे पत्र दुसऱ्या खात्यावरून पाठवता येते. गेलेला पासवर्ड परत बोलावता येत नाही.

आता भाषेविषयी. गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने दिला आहे. तो बजावण्यासाठी आपण सीमाभागात कार्यालयांचे उंबरठे झिजवतो, आणि स्वतःच्याच संस्थेत मात्र न कळलेल्या इंग्रजी इशाऱ्यावर निमूटपणे संमती देतो. ज्याला सूचना वाचताच आली नाही, त्याला सूचना मिळाली असे कोणता न्यायाधीश मानील? संस्थाचालकांनी या चार-पाच इशाऱ्यांचा मराठी अर्थ कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवावा. सेवा देणाऱ्या कंपनीला लेखी विचारावे : प्रमाणपत्र कोणाच्या नावे आहे, मुदत कधी संपते, नूतनीकरणाची जबाबदारी कोणाची? उत्तराची प्रत दप्तरी ठेवावी.

आधी दिलेले अपवाद थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये, गोपनीयता व सुरक्षा विभागातील प्रमाणपत्रांच्या व्यवस्थापनात, ‘सर्व्हर’ या सदराखाली सापडतात. ते एकेक निवडून काढून टाकावेत. त्यानंतर ज्या खात्यावर चौकट पुन्हा उघडेल, त्या खात्याच्या कंपनीला पहिले पत्र जावे.