नव्या इंजिनाचे पहिले ऑईल

नवा ट्रॅक्टर दारात येतो, नारळ फुटतो, हार पडतो आणि दुसऱ्याच दिवशी तो शेतात उतरतो. पेरणीच्या धामधुमीत रोज आठ तास काम झाले, तर पहिले ५० तास आठवड्याभरात संपतात. अनेक ट्रॅक्टरांच्या माहितीपुस्तिकेत इंजिन ऑईल व फिल्टर प्रथम बदलण्याची वेळ याच सुमाराची असते. ‘ऑईल अजून नवेच आहे’ म्हणून ती पुढे ढकलली जाते. किंवा मेकॅनिक ऑईल एखाद्या मळक्या डब्यात काढतो आणि त्यात कोणी डोकावतही नाही. पहिल्या चुकीबद्दल पुष्कळ सांगितले जाते, दुसरीबद्दल जवळजवळ नाहीच.

नव्या लायनरच्या आतील बाजूस ऑईल टिकून राहावे म्हणून बारीक, तिरपे ओरखडे मुद्दाम ठेवलेले असतात. पिस्टनच्या रिंगा घासून त्यांचे उंचवटे झिजतात आणि मगच रिंगा नीट बसतात. ही झीज आवश्यक आहे. परंतु झिजलेले लोखंड, क्वचित ओतकामातील वाळूचा कण, हे सारे ऑईलबरोबर फिरत राहते. बेअरिंगमधील ऑईलचा थर अवघ्या काही मायक्रॉनचा असतो. तेवढे सूक्ष्म कण कागदी फिल्टरमधून निसटू शकतात. थंडीत ऑईल घट्ट असताना किंवा फिल्टर तुंबल्यावर बायपास झडप उघडते, तेव्हा तर ऑईल न गाळताच पुढे जाते.

मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचणीत इंजिन उघडून झीज मोजली जाते. शेतकऱ्याला ते शक्य नाही. त्याच्यासाठी पहिले ऑईल हाच आत पाहण्याचा झरोका आहे, आणि तो डब्यात ओतून बंद केला जातो.

गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळा लावणाऱ्यास हे वेगळे समजावण्याची गरज नाही. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग आले की उपाय योजायचा. सापळ्याचे मोल त्या मोजणीत आहे. ड्रेन प्लगवरील चुंबकाचेही तसेच. इंजिन कोमट असताना ऑईल स्वच्छ पसरट भांड्यात, पांढऱ्या कापडातून गाळून घ्यावे. चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसला तर चिंता नाही. बोटांना टोचणारे तुकडे किंवा कापडावर तांबूस चकाकी दिसली, तर ते कापड जपून ठेवून वॉरंटीच्या मुदतीतच विक्रेत्यासमोर ठेवावे. ऑईलच्या रंगावरून मात्र काहीच ठरवू नये. डिझेल इंजिनात काजळीमुळे ते थोड्याच तासांत काळे होते.

चुंबक फक्त लोखंड धरतो. ॲल्युमिनियम, बेअरिंगचे तांबे आणि एअर क्लीनरमधून शिरलेली धूळ त्याला सापडत नाही. त्यामुळे ट्रॅक्टरमध्ये तो फिल्टरची जागा घेऊ शकत नाही. फवारणी पंपांवरील लहान फोर-स्ट्रोक इंजिनांची गोष्ट वेगळी. त्यांपैकी बहुतेकांना ऑईल फिल्टरच नसतो. कीस काढण्याचा मार्ग एकच, वेळेवर ऑईल बदलणे. अशा अनेक इंजिनांत पहिला बदल २० तासांनी सांगितलेला असतो, आणि नेमका तोच सर्वाधिक चुकतो. ऐन प्रादुर्भावात पंप बंद पडला की फवारणीचे दोन-चार दिवस हातचे जातात.

अवजारे बँकांमध्ये धोका अधिक, कारण एकाच नव्या ट्रॅक्टरवर आठवड्यात तीन चालक बसतात आणि तासांचा हिशेब कोणाकडेच नसतो. कृषी विस्तार कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात फवारणीच्या नोझलला वेळ मिळतो, त्या नोझलमागच्या इंजिनाला नाही. अर्ध्या तासाचे एक प्रात्यक्षिक आणि नोंदवहीत एक रकाना, एवढी भर सहज घालता येईल: तास किती झाले, चुंबकावर काय दिसले, पुढच्या बदलाच्या वेळी ते घटले का.

काढलेले ऑईल वाळवीवर उपाय म्हणून कुंपणाच्या खांबांना फासण्याची प्रथा बऱ्याच गावांत आहे. त्यातील धातू व घातक घटक मातीत उतरतात. वापरलेले ऑईल २०१६ च्या घातक कचरा नियमांत मोडते. ते झाकणबंद कॅनमध्ये साठवून अधिकृत संकलकाकडेच द्यावे.