बहरीनमधील छोटे उद्योग: व्याख्या सर्वांसाठी, आधार कोणासाठी?

मनामा शहरातील बाब अल् बहरीनच्या मागच्या गल्ल्यांत शिंप्यांची, सराफांची, मसाल्यांची आणि मोबाइल दुरुस्तीची दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. तेथून काही किलोमीटरवर सीफ भागातील उंच इमारतींत दोन-तीन खोल्यांची सल्लागार आणि संगणक-सेवा कार्यालये आहेत. भांडवल, ग्राहक आणि कामाची रीत या तिन्ही बाबतींत या दोन जगांत मोठे अंतर असले, तरी सरकारी दप्तरात दोघांची इयत्ता एकाच कोष्टकाने ठरते. बहरीनमध्ये नोकरी करता करता स्वतःची फर्म काढण्याचा विचार करणाऱ्या मराठी व्यावसायिकाने हे कोष्टक नीट समजून घेणे अगत्याचे आहे. सवलत कोठे मिळेल हे त्यातून जसे कळते, तसेच अपेक्षाभंग कोठे होईल हेही कळते.

तीन इयत्ता

बहरीनच्या उद्योग व वाणिज्य मंत्रालयाच्या वर्गीकरणानुसार ५ पर्यंत कर्मचारी आणि वार्षिक ५० हजार दिनारपर्यंत उलाढाल असलेला व्यवसाय ‘सूक्ष्म’ गणला जातो. ६ ते ५० कर्मचारी आणि १० लाख दिनारपर्यंत उलाढाल असेल तर तो ‘लघु’, आणि ५१ ते १०० कर्मचारी व ३० लाख दिनारपर्यंत उलाढाल असेल तर ‘मध्यम’. बहरीनी दिनार डॉलरशी बांधलेला असून एका दिनारला सुमारे २.६६ डॉलर असा दर आहे. त्या हिशेबाने सूक्ष्म उद्योगाची कमाल मर्यादा १ लाख ३३ हजार डॉलरच्या आसपास, तर मध्यम उद्योगाची सुमारे ८० लाख डॉलर येते.

शेजारच्या सौदी अरेबियात मध्यम उद्योगाची सीमा २४९ कर्मचारी आणि २० कोटी रियालपर्यंत, म्हणजे ५ कोटी ३० लाख डॉलरच्या पुढे जाते. भारताने १ एप्रिल २०२५ पासून आपल्या मर्यादा वाढवल्या. तेथे आता १० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म, १०० कोटींपर्यंतचा लघु आणि ५०० कोटींपर्यंतचा मध्यम ठरतो. यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीची अट वेगळी. बहरीनचा सर्वांत मोठा ‘मध्यम’ उद्योग उलाढालीच्या कसोटीवर भारतात ‘लघु’च ठरेल. सुमारे १५ लाख लोकवस्तीच्या बेटावर मर्यादा लहान असणे स्वाभाविक आहे. मात्र पुणे किंवा ठाण्यातील मूळ कंपनीची शाखा बहरीनमध्ये काढणाऱ्याने दोन्हीकडचे ‘लघु’ एकच, असे गृहीत धरून चालणार नाही.

आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. भारताच्या व्याख्येत कर्मचारीसंख्येला स्थान नाही. बहरीनच्या व्याख्येत तिला मध्यवर्ती स्थान आहे. साफसफाई, बांधकाम, खानावळ अशा व्यवसायांत माणसे पुष्कळ आणि उलाढाल बेताची असते. घाऊक व्यापारात याच्या नेमके उलट घडते. माणसे आणि पैसा ही दोन मापे एकाच दिशेने चालत नाहीत, तेव्हा मनुष्यबळावर चालणारा धंदा नफ्याने लहान राहूनही कोष्टकात मोठा दिसू लागतो.

सूक्ष्म, तरीही करपात्र

बहरीनने १ जानेवारी २०१९ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर लागू केला आणि १ जानेवारी २०२२ पासून तो १० टक्के केला. या कराची नोंदणी सक्तीची होते ती वार्षिक ३७,५०० दिनारच्या करपात्र पुरवठ्यापासून. सूक्ष्म उद्योगाची मर्यादा ५० हजारांची आहे. ही दोन शासकीय मापे वेगवेगळ्या हेतूंनी आखली गेली आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यात एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली. महिन्याला सरासरी साडेतीन हजार दिनारचे काम करणारे तीन माणसांचे कार्यालय एका खात्याच्या लेखी सर्वांत दुबळ्या गटातले असते. दुसऱ्या खात्याच्या लेखी मात्र त्याने पावत्या, हिशेब आणि विवरणपत्रे मोठ्या कंपनीइतक्याच काटेकोरपणे सांभाळायची असतात. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी लेखा विभाग असतो. येथे तेच काम मालक शुक्रवारच्या सुट्टीत करतो किंवा बाहेरच्या लेखापालाला पैसे मोजून करवून घेतो.

वरच्या टोकाला मात्र दोन्ही मापे जुळतात. वार्षिक पुरवठा ३० लाख दिनारच्या पुढे गेला की विवरणपत्र दरमहा भरावे लागते. त्याखाली ते सर्वसाधारणपणे तिमाही असते. मध्यम उद्योगाची सीमाही हीच. वरच्या टोकाला जो मेळ साधला गेला, तो खालच्या टोकालाही साधणे अशक्य नाही.

आधाराची दिशा

सरकारी खरेदीतील २० टक्के वाटा लघु व मध्यम उद्योगांसाठी राखण्याचे आणि निविदांच्या तुलनेत त्यांना किमतीत १० टक्के प्राधान्य देण्याचे धोरण बहरीनने स्वीकारले आहे. १९९२ मध्ये स्थापन झालेली बहरीन डेव्हलपमेंट बँक अशा उद्योगांना कर्ज देते. २०१८ मध्ये सुरू झालेली ‘एक्स्पोर्ट बहरीन’ ही संस्था निर्यातीसाठी साहाय्य करते. या व्यवस्थेचा कणा मात्र ‘तमकीन’ म्हणून ओळखला जाणारा श्रमनिधी हाच आहे.

तमकीनची स्थापना २००६ च्या ५७ क्रमांकाच्या कायद्याने झाली. त्याच वर्षी श्रमबाजार नियामक प्राधिकरणही अस्तित्वात आले. युवराज सलमान बिन हमद यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या सुधारणांमागचा विचार स्पष्ट होता: परदेशी कामगार स्वस्त पडतो म्हणून मालक नागरिकांना डावलतो, तेव्हा परदेशी कामगारावर शुल्क लावावे आणि त्या पैशातून नागरिकांचे कौशल्य व खासगी उद्योग वाढवावेत. २००८ पासून प्रत्येक परदेशी कामगारामागे दरमहा १० दिनार आकारले जाऊ लागले. २०११ मध्ये ही आकारणी स्थगित झाली. २०१३ मध्ये ती परतली तेव्हा पहिल्या पाच कामगारांसाठी ५ दिनार आणि पुढील प्रत्येकासाठी १० दिनार अशी रचना ठरली. त्या दराने पाच परदेशी कर्मचाऱ्यांच्या दुकानाला महिन्याला २५, तर बारा कर्मचाऱ्यांच्या फर्मला ९५ दिनार पडत. छोट्यांना दिलेली ही सूट खरी होती. पण सहाव्या माणसापासून दर दुप्पट होत असल्याने वाढू पाहणाऱ्याला तीच पायरी अडखळवणारी ठरे.

निधी परतताना मात्र नागरिकत्वाच्या वाटेने परततो. २०२१ च्या राष्ट्रीय रोजगार कार्यक्रमात नव्याने नेमलेल्या बहरीनी कर्मचाऱ्याच्या वेतनाचा ७० टक्के भाग पहिल्या वर्षी, ५० टक्के दुसऱ्या वर्षी आणि ३० टक्के तिसऱ्या वर्षी तमकीनने उचलण्याची तरतूद होती. करोनाच्या साथीत, एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत, खासगी क्षेत्रातील विमाधारक बहरीनी कर्मचाऱ्यांचे वेतन बेरोजगारी विमा निधीतून दिले गेले. वीजबिले आणि परदेशी कामगारांवरील शुल्क यांतूनही त्या काळात सुटका मिळाली. परंतु परदेशी कर्मचाऱ्यांचे वेतन मालकालाच भागवायचे होते. ज्या दुकानात सगळीच माणसे केरळ, कोकण किंवा बांगलादेशातून आलेली होती, तेथे मदतीचा मोठा भाग पोहोचलाच नाही.

यात अन्याय शोधणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. २०२० च्या जनगणनेत बहरीनमधील निम्म्याहून अधिक लोक परदेशी होते. कोणतेही सरकार अशा स्थितीत आपल्या तरुणांच्या रोजगाराला अग्रक्रम देईल. महाराष्ट्रातही स्थानिकांच्या नोकऱ्यांची मागणी नवी नाही. विवाद्य आहे ती साधनांची निवड. एकाच निधीकडून उद्योगवाढ आणि नागरिकांना रोजगार अशी दोन कामे अपेक्षित असली की दुसऱ्या कामाचा हिशेब सहज मांडता येतो आणि पहिले मागे पडते. पाच माणसांच्या कार्यालयाला वेतनसाहाय्यापेक्षा वेळेवर मिळणाऱ्या बिलाची गरज अधिक असते. भारताने २००६ च्या कायद्यात सूक्ष्म व लघु पुरवठादारांची देणी ४५ दिवसांत चुकवण्याची अट घातली आणि २०२४-२५ च्या करनिर्धारण वर्षापासून ती न पाळणाऱ्या खरेदीदाराची करवजावट रोखली. अंमलबजावणीत त्रुटी असल्या, तरी दिशा विचार करण्याजोगी आहे.

कर्मचाऱ्याच्या बाजूने

छोट्या उद्योगाचा प्रश्न केवळ मालकाचा नसतो. पूर्वी परदेशी कर्मचाऱ्याची सेवासमाप्तीची रक्कम मालकाच्या तिजोरीतच राहत असे. फर्म बुडाली की वर्षानुवर्षांची ती पुंजीही धोक्यात येई. १ मार्च २०२४ पासून मालकाला ही रक्कम दरमहा सामाजिक विमा संस्थेकडे भरावी लागते: पहिली तीन वर्षे वेतनाच्या ४.२ टक्के आणि त्यानंतर ८.४ टक्के. छोट्या मालकाच्या खेळत्या भांडवलाला यामुळे चिमटा बसतो, हे खरे. पण छोट्या फर्ममध्ये नोकरी धरावी की नाही, असा विचार करणाऱ्या अभियंत्याच्या किंवा लेखापालाच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतील ही सर्वांत मोलाची सुधारणा आहे. उद्योगाला दिलेल्या सवलतीची किंमत कामगाराने मोजू नये, हे तत्त्व येथे पाळले गेले.

बहरीनमध्ये २०१६ पासून अनेक क्षेत्रांत १०० टक्के परकीय मालकी शक्य झाली आहे. त्यामुळे दुसऱ्याच्या नावाची व्यापारी नोंदणी भाड्याने घेण्याच्या जुन्या, बेकायदा वाटेला आता बचावही उरलेला नाही. स्वतःच्या नावाने फर्म काढणाऱ्याने आपले अंदाजपत्रक मात्र आधार वगळून मांडावे: कराची नोंदणी, परवान्यांचे शुल्क, सेवासमाप्तीचा हप्ता आणि बिल थकले तर काढावे लागणारे तीन-चार महिने. एवढे धरूनही हिशेब जमत असेल, तर बहरीनी सहकारी नेमल्यावर मिळणारे वेतनसाहाय्य ही वाढीची संधी ठरते. त्या साहाय्यावरच हिशेब उभा असेल, तर तिसऱ्या वर्षाअखेर ते संपते, एवढे ध्यानात ठेवावे.