चिमूरहून समुद्राकडे : पहिल्या जहाजसफरीचा हिशेब

चिमूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. १६ ऑगस्ट १९४२च्या उठावामुळे इतिहासात नोंदल्या गेलेल्या या तालुक्याच्या गावात आजही रेल्वे नाही. गाडी पकडायची तर वरोरा किंवा नागपूर गाठावे लागते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या या जंगलपट्ट्यात पर्यटन म्हटले की ताडोबाचे नाव पुढे येते, आणि पर्यटक म्हणजे बाहेरून येणारा माणूस, असा समज आहे. तथापि गेल्या काही वर्षांत या चित्राला दुसरी बाजू आली आहे. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला किंवा निवृत्तीनंतर 'एकदा क्रूझ करू' असे म्हणणारी जोडपी आता केवळ मुंबई-पुण्यातच आढळतात असे नाही. तालुक्याच्या गावातील शिक्षक, व्यापारी, बँक कर्मचारी यांच्याही मोबाइलवर त्याच जाहिराती येतात. प्रश्न असा, की ज्यांनी समुद्र पाहिला तो बहुधा चौपाटीवरून, त्यांनी आयुष्यातील पहिली जहाजसफर निवडावी कशी?

या प्रश्नाला धोरणाची पार्श्वभूमी आहे. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईतून 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केले. २०२९पर्यंत देशातील क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करणे, हे त्याचे उद्दिष्ट. पाठोपाठ २० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे औपचारिक उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळण्याची क्षमता असलेले हे टर्मिनल भरायचे, तर केवळ महानगरातील श्रीमंत वर्ग पुरणार नाही. जहाज कंपन्यांना नागपूर, अमरावती, चंद्रपूर येथील मध्यमवर्ग हवा आहे. दोन आणि तीन रात्रींच्या छोट्या सफरी, हप्त्यांची सोय, 'दोघांसाठी खास' सवलती हे सारे त्याच दिशेने चालले आहे. ज्याच्यासाठी हा बाजार मांडला जात आहे, त्या ग्राहकाच्या हाती माहिती मात्र तुटपुंजी आहे.

आगबोटीपासून क्रूझपर्यंत

महाराष्ट्राला जहाजप्रवास नवा नाही. कोकणातील पिढ्यान्‌पिढ्यांनी मुंबई गाठली ती आगबोटीने. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' ही नावे आजही वयस्कर कोकणी माणसाच्या ओठावर आहेत. पण तो प्रवास गरजेचा होता. त्यात निवडीला वाव नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, ती आठवणही याच प्रवासाची.

चैनीचा जहाजप्रवास भारतीय मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागला तो गेल्या वीस वर्षांत. २००५ साली 'सुपरस्टार लिब्रा' मुंबईहून सुटू लागले. ऑक्टोबर २०१८मध्ये कान्होजी आंग्रे यांच्या नावाने 'आंग्रिया' मुंबई-गोवा मार्गावर उतरले. एप्रिल २०१९मध्ये 'जलेश क्रूझेस'चे 'कर्णिका' आले. कोविडच्या तडाख्यात 'जलेश' २०२० साली बंद झाली आणि 'कर्णिका' अलंगच्या भंगारवाड्यात गेले. 'आंग्रिया'ची सेवाही टिकली नाही. सप्टेंबर २०२१पासून 'कॉर्डेलिया'ने मुंबई, गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी सुरू केल्या. या इतिहासाचा ग्राहकाला उपयोग एवढाच, की हा धंदा भांडवली आणि नाजूक आहे. जहाज बदलते, मार्ग बदलतो, प्रसंगी कंपनीही उरत नाही. म्हणून वर्षभर आधी पूर्ण रक्कम भरण्यापूर्वी ती परत मिळण्याच्या अटी वाचणे हे शंकेखोरपणाचे लक्षण नव्हे. तो व्यवहार आहे.

जंगलाच्या दारावरचे शहाणपण

गंमत अशी, की हा व्यवहार चिमूरच्या माणसाला शिकवण्याची गरज नाही. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाची कोलारा आणि नवेगाव ही प्रवेशद्वारे चिमूर तालुक्यातच आहेत. मुंबई-पुण्याचे पर्यटक तेथे येऊन काय काय चुका करतात, हे स्थानिक लोक वर्षानुवर्षे पाहत आले आहेत. प्रवेश शुल्क वेगळे, जिप्सीचे भाडे वेगळे, गाइडचे मानधन वेगळे; शनिवार-रविवारचा दर निराळा. मंगळवारी सफारी बंद, पावसाळ्याचे तीन महिने गाभा क्षेत्र बंद. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाघ दिसेलच याची हमी कोणी देत नाही. न दिसल्यास पैसे परत मिळत नाहीत. हे माहीत नसलेला पर्यटक दारावर वाद घालतो. माहीत असलेला सकाळच्या थंडीसाठी शाल घेऊन येतो आणि वाघ न दिसताही समाधानाने परततो.

क्रूझचा हिशेब नेमका असाच आहे. जाहिरातीतील रक्कम बहुधा 'प्रतिव्यक्ती, दोघांच्या खोलीत' अशी असते. जोडप्याने ती आधी दुप्पट करावी. त्यावर बंदर शुल्क, जीएसटी आणि अनेक कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठीची बक्षिसी स्वतंत्र लागते. मुख्य भोजनगृहातील जेवण सहसा भाड्यात समाविष्ट असते. मद्य, खास उपाहारगृहे, इंटरनेट, मालिश आणि किनाऱ्यावरील सहली बहुधा नसतात. म्हणून नोंदणीपूर्वी एकच प्रश्न लेखी विचारावा : जहाजावर चढल्यापासून उतरेपर्यंत, काहीही जादा न घेता, दोघांचे एकूण किती होतील?

चिमूरच्या जोडप्याला यात आणखी एक खर्च धरावा लागतो, जो मुंबईकराच्या हिशेबात नसतो. नागपूरपर्यंतचा प्रवास, तेथून मुंबईचे रेल्वे किंवा विमान भाडे, आणि मुंबईतील एक मुक्काम. हा मुक्काम टाळू नये. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५पासून पूर्ण खुला झाला असला, तरी रस्ता अडू शकतो, गाडीला उशीर होऊ शकतो; आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. बोर्डिंग निघण्याच्या बरेच आधी बंद होते. हे सारे धरले तर दोन रात्रींची सफर विदर्भातून जाणाऱ्यास पाच दिवसांची पडते आणि प्रवासखर्चाचा वाटा फार मोठा होतो. अशा वेळी तीन किंवा चार रात्रींची सफर दर दिवसाच्या हिशेबाने अधिक परवडू शकते. 'पहिल्यांदा छोटी सफर करून पाहावी' हा शहरी सल्ला अंतर लक्षात घेतले की डळमळतो.

खोली, ऋतू आणि मार्ग

निवडीचे खरे मुद्दे तीन. पहिला खोलीचा. आतली, खिडकीची आणि बाल्कनीची असे तिचे प्रकार असतात. आतल्या खोलीत दिवसाचा उजेडही येत नाही. दिवसभर डेकवर आणि कार्यक्रमांत रमणाऱ्यांना ती पुरते. ज्यांना दोघांनी निवांत बसून समुद्र पाहायचा आहे, त्यांनी दोन रात्री कमी कराव्यात, पण बाल्कनी घ्यावी. 'बोट लागण्याची' भीती असणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली खोली मागावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात. ज्याला एसटीच्या वळणांवर मळमळते, त्याने औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच घ्यावे. त्रास सुरू झाल्यावर त्याचा उपयोग कमी.

दुसरा मुद्दा ऋतूचा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. मुंबईहून सुटणाऱ्या सफरींचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मे. त्यातही दिवाळी आणि नाताळ हे गर्दीचे आणि महागडे दिवस. शांतता हवी असलेल्या जोडप्याने नोव्हेंबरअखेर किंवा फेब्रुवारी, तोही आठवड्याच्या मधला काळ निवडावा.

तिसरा मुद्दा मार्गाचा. लक्षद्वीपसारख्या बेटावर मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. वारा वाढला तर कप्तान हा थांबा रद्द करू शकतो आणि तो अधिकार बहुतेक करारांत लिहिलेला असतो. सिंगापूरहून निघणाऱ्या सफरींचे आकर्षण मोठे आहे. तेथे पासपोर्ट आणि व्हिसा लागतो. शिवाय जहाज मलेशिया वा थायलंडला जाऊन पुन्हा सिंगापूरला परतत असल्याने व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे की नाही, हे पाहावे लागते. पहिल्या सफरीत इतका व्याप नको असेल तर देशांतर्गत मार्ग बरा. त्याला सरकारी ओळखपत्र पुरते.

मोबाइलबाबतही सावध राहावे. किनारा दूर गेला की नेहमीचे नेटवर्क जाते आणि फोन जहाजाच्या उपग्रह सेवेशी जोडला गेल्यास मोठे बिल येऊ शकते. तो विमान मोडवर ठेवावा आणि घरी म्हातारी माणसे असतील, तर दोन दिवस संपर्क नसेल हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

सुरक्षेचा प्रश्न

जहाजावर पाऊल ठेवल्यावर पहिली गोष्ट केली जाते ती सुरक्षा कवायत. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्यापाशी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळले आणि ३२ जण दगावले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले आणि कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे सक्तीचे झाले. फेब्रुवारी २०२०मध्ये योकोहामाच्या बंदरात अडकलेल्या 'डायमंड प्रिन्सेस'वर सातशेहून अधिक जणांना कोविडची लागण झाली, तेव्हा जहाज म्हणजे बंद जागेतली दाट वस्ती असते हेही जगाने पाहिले. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी औषधांचा जादा साठा आणि प्रवास विमा घेऊनच निघावे. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचे उपचार फुकट नसतात.

मात्र सुरक्षेविषयी बोलताना याच जिल्ह्यांतील दुसरी एक गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली आणि सहा महिला बुडाल्या. त्या सहलीला निघाल्या नव्हत्या. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडण्याच्या मजुरीसाठी जात होत्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि त्यातही बळी गेले. एकीकडे जागतिक दर्जाचे टर्मिनल, दुसरीकडे रोजच्या नावेतले असुरक्षित जिणे, ही विसंगती केवळ क्रूझवर टीका करून मिटणार नाही. जलपर्यटनाला चालना देणाऱ्या शासनाने रोजच्या जलवाहतुकीलाही तीच लाइफ जॅकेटची, तपासणीची आणि प्रवासीसंख्येच्या मर्यादेची शिस्त लावली पाहिजे. गोसीखुर्द जलाशयात जलपर्यटन प्रकल्प हाती घेतला गेला असताना तर हे अधिकच निकडीचे आहे.

दोघांची निवड

हिशेबापलीकडे आणखी एक बाब उरते. सफर दोघांची असली, तरी ती ठरवतो बहुधा एकच जण. तारीख त्याच्या रजेनुसार, खोली त्याच्या अंदाजपत्रकानुसार, मार्ग त्याच्या मित्राच्या शिफारशीनुसार. जिने तीस वर्षे घरातली एक वेळही चुकवली नाही, तिच्या दृष्टीने जहाजावरचे पहिले सुख कदाचित एवढेच असेल, की सकाळचा चहा दुसऱ्या कोणी करून दिला आहे. तिला पोहण्याचा तलाव हवा आहे की बाल्कनीतली खुर्ची, गर्दीचा नाचगाण्याचा कार्यक्रम की लवकर झोप, हे नोंदणीनंतर नव्हे तर आधी विचारले गेले पाहिजे. तीन दिवस छोट्या खोलीत राहायचे असते आणि मधल्या वाटेवर उतरून जाता येत नाही. दोघांच्या आवडी भिन्न असतील तर त्या मान्य करूनच सफर निवडावी. किंवा जहाजाऐवजी कोकणातल्या एखाद्या शांत गावी चार दिवस राहावे. तोही समुद्रच आहे.

ग्राहक म्हणून या जोडप्याची बाजू अगदीच दुबळी नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. चिमूरच्या रहिवाशाला त्यासाठी मुंबईचे खेटे घालावे लागत नाहीत, चंद्रपूर पुरते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीचे शुल्कही नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पण दाद मागायला पावती हवी, लेखी अटी हव्यात. आणि त्या समजायला हव्यात. क्रूझच्या जाहिराती मराठीत येतात, अटी मात्र सहसा बारीक अक्षरातील इंग्रजीत. महाराष्ट्राच्या बंदरातून महाराष्ट्राचा प्रवासी घेऊन जाणाऱ्या प्रत्येक कंपनीने एकूण खर्च, रद्द करण्याचे नियम आणि बदलाचे अधिकार एका पानावर मराठीत द्यावेत, एवढी अट शासनाला घालणे अशक्य नाही. कोट्यवधी रुपये खर्चून टर्मिनल उभारणाऱ्या व्यवस्थेला हे एक पान जड जाऊ नये. तोवर चिमूरच्या जोडप्याने कोलाराच्या दारावर पाहिलेले विसरू नये : काय मिळेल याची यादी घेऊन निघावे, काय मिळणार नाही याचीही घ्यावी, आणि शाल बरोबर ठेवावी; रात्री डेकवर वारा थंड असतो.